दुसऱ्या बाजूच्या शेवटी

नाशिकरोड
१४ जून १९९९

श्री. प्रफुल्ल गांगुर्डे यांस,

माझी पत्नी कालकथित ललिता हिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आपण व आपल्या श्रोता मंडळाने मला कॅसेटचा जो संच भेट दिला, त्याची पोच द्यावयाची राहून गेली होती. ती या पत्राने देत आहे. संच मिळाला. वेष्टन सुरेख आहे. प्रत्येक कॅसेटवर ललिताचे नाव आणि त्याखाली त्या परदेशी गायकाचे नाव आपण सोनेरी शाईने लिहिले आहे. अक्षर चांगले आहे.

पोच येथे संपते. आता पत्राचे कारण लिहितो.

शेवटच्या वर्षात ललिताला आवाज नव्हता, हे आपण पाहिले आहे. घशाच्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले आणि त्यानंतर ती शाळेतली पाटी मांडीवर घेऊन लिहून बोलत असे. मी वाचत असे आणि उत्तर देत असे. त्या काळात मी तिचा आधीचा आवाज विसरत गेलो. माणसाचा आवाज विसरायला इतका कमी काळ पुरतो, याची मला कल्पना नव्हती. चेहऱ्यासाठी घरात छायाचित्रे आहेत. अक्षरासाठी तिच्या शाळेच्या टाचणवह्या आहेत. आवाजासाठी काही नाही. आमचे लग्न विहारात मोजक्या माणसांत झाले. चित्रफितीचा प्रश्नच नव्हता.

तिचा आवाज होता तो फक्त आपल्या मंडळाच्या कॅसेटवर.

आपल्या मंडळाची रीत मला बाहेरून ठाऊक होती. ‘ओल्ड फेरी’ नावाच्या वाद्यवृंदातून बाहेर पडलेल्या ग्रॅहम टेलफर्ड या गायकाने पुढे एकट्याने ज्या ध्वनिमुद्रिका काढल्या, त्या कुठून तरी मिळवायच्या. पंचवटीतील आपल्या दुकानात त्या कॅसेटवर भरायच्या. आणि ती एकच प्रत एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देऊन नामपूर, मनमाड, सुरगाणा अशी सदस्यांमध्ये फिरवायची. दुसऱ्या बाजूच्या शेवटी जी फीत कोरी उरे, तिच्यावर ललिताने बोलायचे. या गाण्यात गिटार कोणाची, तो माणूस पूर्वी कोणाच्या साथीला होता, मागचा सूर कोणाचा. त्याला आपण ‘टिपण’ म्हणत होता. सदस्य म्हणे गाण्यांपेक्षा टिपणाची वाट पाहत. रविवारी दुपारी ललिता आतल्या खोलीत बसून ते बोलत असे. मी त्यास कधीही आक्षेप घेतला नाही. दार लावून घेत असे, इतकेच.

आमच्या कॉलनीत त्या संगीताला कोणी श्रोता नव्हता, हेही नमूद करतो. शेजारच्या सुलाबाई तिला गॅलरीतून विचारत, “बाई, तुमच्या घरातला तो गोरा रडतो का गातो?” ललिता उत्तर देई, “दोन्ही करतो, आत्या. म्हणून तर ऐकते.”

आपला संच मिळाल्यावर मी त्यासाठी टेपरेकॉर्डर विकत आणला. प्रत्येक कॅसेटची दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली. गाणे संपते आणि दुसरे गाणे सुरू होते. ते संपते आणि फीतही संपते. ललिता कुठेही नाही. एकाही कॅसेटवर नाही.

तेव्हा टिपणे असलेल्या मूळ कॅसेट मला मिळाव्यात. त्या आपल्या मालकीच्या असतील तर त्यांची प्रत काढून द्यावी. त्याचा खर्च मी देईन.

ता. क. कार्यक्रमात आपण मला ‘दाजी’ म्हणून हाक मारलीत. ललिताला स्वतःचे भाऊ आहेत. यापुढे मला आडनावाने संबोधावे.

आपला,
दि. का. पगारे


नाशिकरोड
२ ऑगस्ट १९९९

श्री. गांगुर्डे यांस,

पत्राचे उत्तर पत्राने द्यावे, अशी माझी अपेक्षा होती. आपण स्वतः आलात. आलात ते ठीक. पण त्या वेळी जे बोलणे झाले ते माझ्या बाजूने लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. पाटबंधारे खात्यात बैठकीनंतर इतिवृत्त पाठवण्याची माझी सवय आहे, असे समजावे.

आपण दारातच उभे राहिलात. हातात कांद्यांची पिशवी होती.

“दाजी,” आपण म्हणालात आणि जीभ चावलीत. “पगारेसाहेब. मूळ कॅसेट म्हणजे ह्याच. तुम्हाला दिल्या त्याच.”

“त्यांवर टिपणे नाहीत.”

“त्याच्यावरच परत भरलं ना. नवी डिस्क आली अमेरिकेहून. आवाज असा, की चष्म्याची काच पुसून घातल्यासारखा. म्हटलं, ताईंच्या नावानं द्यायचं तर एकदम स्वच्छ द्यायचं. आणि ह्या कॅसेट जपानी होत्या, तसल्या आता मिळत नाहीत. दुसऱ्या साध्या कॅसेटवर भरून ताईंचं नाव टाकायला मन होईना.”

“आणि शेवटी जिथे ती बोलत होती?”

“तिथं टेलफर्डची दोन-दोन सुटी गाणी टाकली. फार शोधली होती ताईंनी ती. आयुष्यभर शोधली. म्हटलं, जागा कोरी कशाला सोडायची?”

“जागा कोरी नव्हती, गांगुर्डे.”

यावर आपण खाली पाहिलेत. मग आपल्या नामपूरच्या बोलीत म्हणालात, “मन्ही चूक शे. काय सांगू तुम्हाला. मन्हीच चूक शे.”

आपण गाण्याचे रसिक आहात. टेलफर्डच्या कोणत्या गाण्यात कोणत्या तबकडीवरची खरखर आहे, हे आपण डोळे मिटून सांगता, असे ललिता म्हणे. ती खरखर पुसण्यासाठी आपण एक माणूस पुसून टाकलात. वर तो माणूस ज्याच्या घरातून गेला होता, त्यालाच त्याची भेट दिलीत. सोनेरी शाईने नाव घालून. मी अशिक्षित असतो तर आपणास शिवी दिली असती आणि प्रकरण तिथेच संपले असते.

मी विचारले, एखादी कॅसेट कोणाकडे राहिली असेल का?

“एक राहिली,” आपण म्हणालात. “रोशनीकडं. सुरगाण्याला. तिला मागितली होती भरायला, तिनं दिलीच नाही.”

“का दिली नाही?”

“तुम्हीच विचारा तिला. ताई असत्या तर…”

हे वाक्य आपण पूर्ण केले नाहीत. पिशवी उंबऱ्याशी ठेवलीत आणि जिना उतरलात. अर्धी वाक्ये मला आवडत नाहीत. कांदे मी सुलाबाईंकडे दिले.

आपला,
दि. का. पगारे


नाशिकरोड
१७ जानेवारी २०००

श्री. गांगुर्डे यांस,

मी सुरगाण्याला जाऊन आलो. त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग मला मिळाला आहे.

रोशनी गावित ही ललिताची विद्यार्थिनी, हे आपण जाणताच. वसतिगृहात राहून ती ललिताच्या शाळेत शिकली आणि आता तिकडेच आश्रमशाळेत शिकवते. मी तिला पूर्वी दोन-तीनदा आमच्या घरी पाहिले असेल. चहा ठेवून लगेच आतल्या खोलीत जाणारी मुलगी, एवढीच ओळख. जीप तिच्या पाड्याच्या अलीकडे थांबली. तिची आई चांगुणाबाई ओट्यावर नागली पाखडत होती. मला पाहून तिने आत हाक दिली.

“रोशने, बाहेर ये. मास्तरीणबाईचे मालक आलं.”

मग मला म्हणाली, “बसा ना बाबा. बाईचं टेप आयकाय आलं ना? आमची पोरगी रोज लावते. आता मलाबी येतं थोडंथोडं.” आणि तिने सूप खाली ठेवले, एक बोट वर केले आणि कोणाची तरी हुबेहूब नक्कल करीत म्हटले, “पुरावा माझा कान!” आणि हसली.

ती नक्कल ललिताची होती. हे मला तेव्हा कळले नाही.

रोशनी बाहेर आली. तिने पाणी दिले. मी येण्याचे कारण सांगितले आणि आपण जी चूक पत्करली होती, तीही सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले.

“सर, प्रफुल्लदादांची चूक नाही,” ती म्हणाली. “मॅडमनीच सांगितलं होतं पुसायला.”

मी म्हटले, हे शक्य नाही.

“मी होते ना तिथं. तुम्ही ऑफिसला गेला होतात. दादांनी ती नवी डिस्क आणलेली. तिच्यासोबत बारीक अक्षरातलं पुस्तक होतं, कोणी काय वाजवलं, कोण गायलं, सगळं. मॅडमनी भिंग लावून वाचलं. आणि एकदम चेहरा उतरला. ते मागच्या सुराचं आहे ना, ऑर्डवेचं?”

मला ऑर्डवे कोण हे ठाऊक नव्हते. ते तिने समजावले. आपण हे माझ्यापेक्षा चांगले जाणता, तरी मला जे समजले ते लिहितो. नील ऑर्डवे हा टेलफर्डचा ‘ओल्ड फेरी’मधला जोडीदार. दोघांचे भांडण झाले, वकील झाले, वाद्यवृंद मोडला. पुढे टेलफर्डने एकट्याने जी ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यातल्या एका गाण्यात खालच्या पट्टीत एक दुसरा आवाज आहे. वेष्टनावर त्याचे नाव नाही. ललिताचे मत असे की तो ऑर्डवेच. बोलणे बंद असतानाही तो येऊन गाऊन गेला. हे मत तिने कितीतरी टिपणांतून मांडले आणि आपले सगळे मंडळ ते खरे धरून चालले. नव्या पुस्तिकेत मात्र स्वच्छ छापले होते की तो आवाज स्टुडिओत रोजंदारीवर गाणाऱ्या कोणा माणसाचा आहे.

“मॅडमनी पाटीवर लिहिलं, ‘सगळी टिपणे पुसा. खोटे सांगत फिरले,’” रोशनी म्हणाली. “दादा म्हणाले, ‘ताई, एका नावाचं काय एवढं? आम्हाला काय फरक पडतो?’ तर मॅडमनी पाटी पुसली आणि परत लिहिलं, ‘पुसा. यांना सांगू नका.’”

“यांना म्हणजे?”

“तुम्हाला, सर.”

चांगुणाबाईने सूप उचलले आणि ती आत गेली. मला वाटते, तिला कळले.

मी रोशनीला विचारले, एवढ्याशा चुकीसाठी?

“मला नाही वाटत नावासाठी,” ती म्हणाली. “दादांनी त्यांना खूश करायला एक टिपण लावलं होतं. मॅडम एवढ्या छान बोलत होत्या त्यात. त्यांनी हात पुढं केला आणि मधेच बंद केलं. गळ्याला त्यांचा तो रुमाल होता ना, तो घट्ट केला. मग पाटी मागितली. नावाचं कारण नंतरचं, सर. पण मी काही त्यांना विचारलं नाही.”

“आणि तू तुझी कॅसेट का दिली नाहीस?”

“माझं नाव आहे त्यात,” ती म्हणाली. “मॅडम मधेच म्हणतात, ‘रोशनी, आता नीट ऐक.’ मला असं कोणी म्हटलं नव्हतं. वर्गात मी तोंड उघडलं की मुली हसायच्या, बोलण्यावरून. मॅडमचं ऐकायला हवं होतं, माहीत आहे. नाही ऐकलं.”

तिने कॅसेट लावली. मी गाण्यांसहित ऐकली, कारण मधून पुढे पळवली तर फीत ताणते, असे ती म्हणाली. गाणी कशी आहेत, यावर मी मत देणार नाही. मग गाणे थांबले, एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ललिता बोलू लागली. ते बोलणे मी तिथेच लिहून घेतले. ते असे:

“तर मंडळी, पुन्हा एकदा कान द्या. रोशनी, आता नीट ऐक. ग्रॅहम वरच्या पट्टीत निघाला ना, की त्याच्या खालून एक सूर येतो. बिचकत बिचकत. लग्नात न बोलावलेला पाहुणा मांडवाच्या कडेला उभा राहतो, तसा. तो नील ऑर्डवे. दोघांचं बोलणं बंद, बरं का. कोर्टकचेऱ्या झालेल्या. पण हा आला, गायला, आणि नाव न लावता निघून गेला. आता प्रफुल्ल म्हणेल, ताई, पुरावा काय? पुरावा माझा कान!”

आणि ती हसते. ते हसणे मी पूर्वी ऐकले होते, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

त्या बोलण्यात रोशनीचे नाव आहे. आपले नाव आहे. एका परदेशी माणसाचे नाव आहे, तेही चुकीचे. आणखी कोणाचे नाव नाही.

रोशनीने कॅसेट मला दिली. मी मागितली नव्हती. मागणार होतो, हे तिच्या लक्षात आले असावे. देण्यापूर्वी तिने कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही दात पेन्सिलने मोडले. “आता हिच्यावर कुणाला काही भरता येणार नाही,” ती म्हणाली. आपणास तो उपाय ठाऊक असणारच. आपल्या धंद्याचा तो पहिला धडा असावा.

आता आपल्याविषयी. आपण माझ्या दारात उभे राहून जी चूक पत्करलीत, ती आपली नव्हती. म्हणजे आपण खोटे बोललात. तिच्या सांगण्यावरून बोललात, आणि तिच्या मागेही तिचा शब्द पाळलात. याबद्दल मी आपले आभार मानावेत, असे कोणाला वाटेल. मला वाटत नाही. जी गोष्ट तिने माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या माणसाला सांगितली आणि मला सांगू नका म्हणून बजावली, तिचे ओझे आपण वाहिलेत. ते वाहण्याचा अधिकार आपणास होता आणि मला नव्हता. एवढे एक वाक्य मला सुरगाण्याहून घेऊन यावे लागले.

आपण माझी शिवीही चुकवलीत. चूक आपली असती तर बरे झाले असते.

दि. का. पगारे


नाशिकरोड
९ नोव्हेंबर २००१

श्री. गांगुर्डे यांस,

आपले पत्र मिळाले. इतक्या काळाने आपण लिहाल, असे वाटले नव्हते.

आपण कळवता की आता संगणकावर जगभरच्या टेलफर्डप्रेमींचे मंडळ झाले आहे. कोणी स्कॉटलंडमधून, कोणी ब्राझीलमधून लिहितो. आणि ललिताने मांडलेले वाद्यवादकांचे नातेगोते, आपण आठवणीने उतरवून पाठवलेले, पाहून ते लोक थक्क झाले आहेत. ‘नाशिकसारख्या गावात बसून एका बाईने हे केवळ ऐकून काढले’ असे कोणी तरी म्हटल्याचेही आपण लिहिता. ‘नाशिकसारख्या गावात’ म्हणजे काय, हे त्या गृहस्थास विचारावे.

आपली विनंती अशी की माझ्याजवळची कॅसेट मी आपणास काही दिवसांसाठी द्यावी. आपण ती संगणकावर चढवाल, म्हणजे ललिताचा आवाज सर्वांना ऐकता येईल. शिवाय, ‘जुनी फीत आहे साहेब, वाजवून वाजवून एक दिवस जाईल, निदान एक प्रत काढू द्या,’ असे आपण कळकळीने लिहिले आहे.

ही विनंती मी नाकारत आहे.

कारणे देतो. पहिले असे की तो आवाज पुसावा, ही तिची इच्छा होती. ती मी मोडली आहे आणि रोज मोडतो. पण ती माझ्या घरात, दार-खिडकी लावून मोडतो. जगाला बोलावून मोडणार नाही. दुसरे असे की प्रत काढायची तर कॅसेट आपल्या हाती द्यावी लागेल. आपणास ती पुसण्याची आज्ञा आहे, आणि आपण तिच्या आज्ञेबाहेर नाही, हे आपण सिद्ध केले आहे. मी आपल्यावर विश्वास का ठेवावा? आपण विश्वासू आहात, हीच तर अडचण आहे.

आपल्या पत्रासोबत आलेले वादकांच्या नावांचे छापील पत्रक वाचले. त्यात एक चूक आहे. माझ्याजवळच्या कॅसेटवर दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यातील पियानो आपण ज्याच्या नावे दाखवला आहे, त्याचा तो नाही. ‘ओल्ड फेरी’च्या शेवटच्या ध्वनिमुद्रिकेत जो वादक डाव्या हाताचा एक सूर नेहमी किंचित उशिरा सोडतो, तोच येथे आहे. मी दोन्ही कॅसेट अनेकदा लावून पाहिल्या. ‘ओल्ड फेरी’ची कॅसेट मला ललिताच्या कपाटात मिळाली. तसेच टेलफर्डच्या त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकेत ड्रम वाजवणारा बदलला आहे, आपण म्हणता तसा तोच राहिलेला नाही. काठ्यांऐवजी तो तारांचे ब्रश वापरतो. एवढे तरी आपल्यासारख्याने ऐकायला हवे होते.

हे मी आवडीने करतो, असा गैरसमज नसावा. ललिताच्या बोलण्यापर्यंत जायचे तर आधी ती गाणी ऐकावीच लागतात. सेवानिवृत्त माणसाला वेळ असतो. परवा सुलाबाई गॅलरीतून म्हणाल्या, “काय हो भाऊ, बाई गेल्या, पण गोरा काय तुमच्या घरातनं जाईना.” मी आत येऊन दुसरी बाजू लावली.

टेलफर्डच्या आवाजाखालचा तो सूर मी फार लक्ष देऊन ऐकला आहे. छापील पुस्तिका काय म्हणते ते मला ठाऊक आहे. तो आवाज बिचकतो, हे मात्र खरे आहे. रोजंदारीवर गाणारा माणूस का बिचकेल, हे मला समजलेले नाही. आपणास समजले असल्यास कळवू नये.

पत्रकातील चुका दुरुस्त करताना माझे नाव घालण्याचे कारण नाही.

दि. का. पगारे


नाशिकरोड
२३ मार्च २००३

प्रफुल्ल,

पंचवटीत गेलो होतो. आपल्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरे विकतात. तेथील माणूस म्हणाला, “कॅसेटवाले? ते तर गेले ना गावाला, नामपूरला. शेती बघतात म्हणे.” म्हणून हे पत्र नामपूरच्या पत्त्यावर पाठवत आहे.

गुरुवारी कॅसेट यंत्रात गुंतली.

आपण हे होणार, असे लिहिले होते. ते आपणास आठवत असेल, मलाही आठवते. त्याचा उल्लेख आपण करू नये, मी केला आहे.

ललिता बोलत होती. ‘पण हा आला’ येथपर्यंत नीट ऐकू आले. मग आवाज जाड झाला, पुरुषासारखा झाला, खोल गेला आणि थांबला. आत फीत चाकाला गुंडाळली जात असल्याचा आवाज येत होता. मी भिंतीतली पिन काढली. झाकण उघडले नाही. बटण दाबले नाही. यंत्र हलवले नाही.

दुसऱ्या दिवशी ते तसेच टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले आणि रिक्षाने गावात नेले. रविवार कारंजाजवळ एक दुकान अजून टेपरेकॉर्डर दुरुस्त करते. काउंटरवर एक तरुण होता. त्याने काचेतून आत पाहिले.

“निघेल की काका. कापून काढतो, दोन मिनिटांचं काम.”

“कापून म्हणजे?”

“जेवढी चुरगळली तेवढी कापायची, दोन टोकं चिकटवायची. कळणारसुद्धा नाही. असा बोटभर तुकडा जाईल.”

“बोटभर तुकड्यात किती बोलणे असते?”

तो हसला. “बोलणं आहे होय? मी म्हटलं गाणी असतील. एखाद-दुसरा शब्द जाईल, काका. एवढ्याचं काय?”

मी त्याला विचारले, कोणता शब्द? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी यंत्र पुन्हा टॉवेलात गुंडाळले. त्याचा दोष नाही. त्याला ते काम आहे.

त्या बोलण्यात वाया घालवता येईल असा शब्द नाही. मी तपासले. ‘बरं का’ हे दोन शब्द जाऊ देता येतील, असे काल मला वाटले होते. आज वाटत नाही.

म्हणून आपणास लिहीत आहे. चुरगळलेली फीत न कापता सोडवून, नखाने सपाट करून, कॅसेट खोलून दुसऱ्या डबीत बसवण्याचे काम नाशिकमध्ये एकटे प्रफुल्लच करू शकत, असे ललिता म्हणत असे. ती हे मला सांगत नसे. फोनवर कोणाला तरी सांगत असताना मी ऐकले होते. आपले दुकान बंद झाले असले तरी हात तेच असतील, असे धरून चालतो.

मी आपणास चार वर्षांत जे लिहिले, त्यातील एकही वाक्य मागे घेत नाही. त्यातील बहुतेक बरोबर होते. आपणास बोलावणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण समजून घ्याल. आपण मला क्षमा करावी की नाही, हा आपला प्रश्न आहे; त्यावर आपण येथे बोलू नये. मंडळाविषयी, संगणकाविषयी किंवा ललिताने काय लिहिले होते त्याविषयी बोलू नये. तिने तसे का लिहिले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. निष्कर्ष आपणास कळवण्याचे कारण नाही.

फीत सुटली तर ती सलग लागते की नाही, हे पाहावे लागेल. ते मी एकट्याने पाहिले तर मला खात्री वाटणार नाही. हल्ली मला न उच्चारलेले शब्दही ऐकू येतात. तेव्हा आपणास थांबून ऐकावे लागेल. त्यानंतर, आपली इच्छा असल्यास, एक प्रत काढावी. एकच. ती आपल्याकडे राहील. संगणकावर जाणार नाही. रोशनीलाही मी कळवले आहे. ती आली तर तिघे होऊ.

आणि फीत सुटली नाही, तर ते मला स्पष्ट सांगावे. मन राखण्यासाठी चूक पत्करू नये. ते आपण एकदा केले आहे.

सटाण्याहून सकाळची गाडी मिळाली तर ऊन चढण्याच्या आत पोहोचाल. स्वयंपाक मी करतो. तो बरा नसतो, पण असतो. सुलाबाई दारात भेटल्या आणि काही म्हणाल्या तर मनावर घेऊ नये. मला दाजी म्हटले तरी चालेल.

यंत्र आतल्या खोलीत टेबलावर आहे. वरून टॉवेल घातला आहे. आपण येईपर्यंत त्यास कोणी हात लावणार नाही.

अवजारे आपली आणावीत. कात्री आणू नये.

दिनेश पगारे